पॅक्स: नोंदणी फुकट, पण मृत्युपत्र वेगळे करावेच लागते

फ्रान्समधला पॅक्स हा नागरी सहजीवनाचा करार १९९९ च्या कायद्याने आला आणि पहिल्या दिवसापासून समलिंगी व स्त्री-पुरुष जोडप्यांना सारखाच खुला आहे. समलिंगी विवाह तिथे २०१३ मध्ये आला. आज पॅक्स करणाऱ्यांत बहुतेक स्त्री-पुरुष जोडपीच असतात.

नोव्हेंबर २०१७ पासून नोंदणी कोर्टाऐवजी नगरपालिकेत होते. शुल्क शून्य. संयुक्त घोषणेचा १५७२५ क्रमांकाचा अर्ज, दोघांच्या सह्यांचा करार (१५७२६ हा छापील नमुना चालतो), ओळखपत्रे आणि जन्मदाखले द्यायचे.

घोडे अडते ते जन्मदाखल्यावर. फ्रेंच दाखला तीन महिन्यांच्या आतला हवा, परदेशी सहा महिन्यांच्या. फ्रेंच दाखल्याच्या समासात लग्नाची, पॅक्सची नोंद होत जाते, म्हणून ताजीच प्रत मागतात. आपल्याकडच्या दाखल्यावर असे काही चढत नाही. त्यामुळे परदेशी नागरिकाला अविवाहित असल्याचा आणि आधी पॅक्स न केल्याचा पुरावा वेगळा जोडावा लागतो. भाषांतर अधिकृत शपथबद्ध अनुवादकाचेच. अपॉइंटमेंटची तारीख आधी घ्या आणि दाखल्याची मुदत तिथून मागे मोजा. उलटे केले की दाखला शिळा होतो.

छापील नमुना डोळे झाकून भरू नका. काही लिहिले नाही तर ज्याची मालमत्ता त्याची, असाच नियम लागतो. घरखर्चाच्या कर्जाला मात्र दोघेही जबाबदार, अवाजवी खर्च सोडून.

खरी उणीव वारशात आहे. पॅक्सचा जोडीदार कायद्याने वारस नाही. मृत्युपत्र केले असेल तर २००७ पासून त्याला वारसा कर शून्य. नसेल तर राहत्या घरात एक वर्ष राहण्यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. कौटुंबिक निवृत्तिवेतनही फक्त विवाहितांना. एवढी सवलत देऊन मृत्युपत्राची आठवण अर्जावर ठळक छापू नये, हे अनाकलनीय आहे.

प्राप्तिकर विवरण एकत्र भरता येते. निवास परवान्यासाठी पॅक्स जमेस धरतात, पण परवाना आपोआप मिळत नाही. भारतात या कराराला वजन नाही: १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने ३ विरुद्ध २ मतांनी समलिंगींना नागरी सहजीवनाचा हक्क नाकारला.

मोडायचा असेल तर संमतीने १५७८९ क्रमांकाचा अर्ज, तोही फुकट. एकट्यालाही मोडता येतो. मग नोटीस बेलिफमार्फत बजावावी लागते आणि तिचे पैसे पडतात. दोघांनी एकमेकांशी लग्न केले तर तो आपोआप संपतो.