विहिरीच्या पाळीचा खोटा हुकूमनामा

मंडळ अधिकाऱ्यांनी कागद दोनदा वाचला आणि दादाकडं न बघता मला विचारलं, "ताई, १९५८ साली सांगली जिल्हा कुठं होता?"

मला प्रश्नच कळला नाही. आमच्या हातात कोर्टाची सही-शिक्क्याची नक्कल होती. आजोबांच्या वाटपाच्या दाव्याचा हुकूमनामा. त्यासाठी आम्ही साडेअकरा हजार रुपये मोजले होते. त्यांनी पेनाचं टोक वरच्या ओळीवर ठेवलं. 'जिल्हा सांगली' असं तिथं ठळक छापलं होतं. आपला जिल्हा १ ऑगस्ट १९४९ ला साताऱ्यातून वेगळा झाला तो 'दक्षिण सातारा' या नावानं. 'सांगली' हे नाव मिळालं २१ नोव्हेंबर १९६० ला. १९५८ च्या निकालात सांगली जिल्हा येणारच कसा?

मग पेन खाली सरकलं. जमिनीचं क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिलेलं. त्या काळचा कागद एकर-गुंठ्यात असायला हवा. त्याच्याही खाली गट नंबर. आमच्या गावात जमिनींचं एकत्रीकरण होऊन गट पडले १९७० नंतर, तोवर सगळे सर्व्हे नंबर. ज्यानं कोणी तो कागद बनवला त्यानं आजचा सातबारा समोर ठेवून बनवला होता.

समोर बसलेला चुलतभाऊ उठून उभा राहिला. "बघा साहेब, कोर्टाचा कागद खोटा करून आणलाय यांनी." दादाचा चेहरा तेव्हा कसा झाला होता ते मी विसरू शकत नाही. आमचं पुढं काय झालं ते सांगतेच, पण आधी हे सांगते की असा कागद आमच्याकडं आला कसा. आपल्या भागात जुन्या वाटपाची भांडणं घरोघरी आहेत आणि हा कागद आम्हाला देणारा माणूस, किंवा त्याच्यासारखे, अजून फिरत असणार.

आमचं गाव येरळा नदीच्या काठी. मी लग्नानंतर सांगलीत विश्रामबागला असते, दादा-वहिनी गावी द्राक्षबाग बघतात. आजोबा आणि त्यांचे भाऊ यांच्यात १९५६ ला दावा झाला, १९५८ ला निकाल लागला. जमिनी वाटल्या गेल्या, विहीर मात्र सामाईक राहिली, असं घरात सगळे ऐकत आलेलो. अण्णा, म्हणजे आमचे वडील, असेपर्यंत कुणाचं काही म्हणणं नव्हतं. ते गेले आणि वर्षभरात चुलतभावानं विहिरीची नोंद एकट्याच्या नावावर करण्यासाठी अर्ज दिला. आम्ही हरकत घेतली. आमचे वकील म्हणाले, तोंडी काही चालणार नाही, हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत आणा.

वकिलांनी हेही सांगितलं होतं की दाव्याचा नंबर शोधा आणि नक्कल विभागात अर्ज द्या. इतकं साधं होतं ते. पण दादा कोर्टाच्या फाटकापाशी गेला आणि तिथंच थबकला. कुठली खिडकी, कुणाला विचारायचं, आपल्याला हाकलून दिलं तर? चहाच्या टपरीवर बसला तेव्हा पांढऱ्या शर्टातला, काखेत फाईल घेतलेला एक माणूस शेजारी येऊन बसला. "काय काम काढलंत पाव्हणं?"

दादानं त्याला सगळं सांगितलं. आजोबांचं नाव, त्यांच्या भावाचं नाव, साल, विहिरीचं भांडण, आमचं म्हणणं काय, चुलतभावाचं काय. सातबाऱ्याची झेरॉक्ससुद्धा दिली. नंतर पोलिसांत बसून आठवू लागलो तेव्हा कळलं, की खोट्या कागदात जे जे होतं ते सगळं आम्हीच त्या टपरीवर त्याला पुरवलं होतं. त्यानं आपल्याजवळचं फारसं काही घातलं नव्हतं, आणि जे थोडं घातलं ते चुकलं.

पहिल्यांदा त्यानं दोन हजार घेतले, 'शोध फी' म्हणून. दुसऱ्या दिवशी दादाच्या फोनवर ई-कोर्टाच्या साइटचा एक फोटो पाठवला, 'केस सापडली'. आमचं आडनाव होतं त्यात. दादानं मला पाठवला, मीही पाहिला आणि 'बरं झालं' म्हटलं. ती केस कुणा दुसऱ्याच कुटुंबाची, अलीकडच्या सालातली होती. नीट वाचलं असतं तर दिसलं असतं. ई-कोर्टाची साइट खरी आहे, उपयोगाची आहे, फुकट आहे. चालू किंवा अलीकडं निकाली निघालेल्या खटल्याची पुढची तारीख, आदेश, सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर, म्हणजे त्या खटल्याचा स्वतंत्र नंबर, हे सगळं घरबसल्या पाहता येतं, पक्षकाराच्या नावावरूनही शोधता येतं. पण १९५६ सालचा दावा तिथं सहसा सापडत नाही, तो कोर्टाच्या रजिस्टरात आणि गठ्ठ्यात असतो. आणि साइटवरून काढलेली छापील पानं ही प्रमाणित प्रत नव्हे.

मग आठवडाभरानं त्याचा फोन, रेकॉर्ड साताऱ्याला गेलंय, आपला तालुका पूर्वी तिकडं होता ना. हे ऐकायला अगदी खरं वाटतं, कारण अर्धं खरं आहे. तासगाव, खानापूर, वाळवा, शिराळा हा सगळा मुलूख १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होता. पण आमचा दावा १९५६ चा, म्हणजे जिल्हा वेगळा झाल्यावर सात वर्षांनी दाखल झालेला. तो साताऱ्याला कशाला जाईल? हे तेव्हा सुचलं नाही. गाडीभाडं आणि तिथल्या माणसाचं म्हणून पाच हजार गेले. त्यानंतर २०१९ च्या महापुरात गठ्ठा भिजला, पानं वाळवून जुळवावी लागतायत असं सांगून तीन आठवडे काढले. महापूर म्हटल्यावर सांगलीतलं कोण पुढं प्रश्न विचारणार? आमच्या स्वतःच्या घरातली कागदपत्रं त्या पाण्यात गेलेली आहेत.

शेवटचे साडेचार हजार 'साहेबांच्या सहीचे'. ते रोख मागितले. इथं तरी आम्ही थांबायला हवं होतं. नक्कलेवर सही करायला कुठल्याही साहेबाला वेगळे पैसे लागत नाहीत. कुणी तसे मागत असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा फोन त्यासाठीच आहे. आमच्या बाबतीत तर कोर्टातल्या कुणालाही पैसा गेला नव्हता, त्या माणसानं कोर्टाचं नुसतं नाव वापरलं होतं.

कागद आला. जाड कागद, गोल शिक्का, निळ्या शाईची सही. शेवटच्या परिच्छेदात 'विहीर संपूर्णपणे वादीकडे राहील' असं वाक्य. वादी म्हणजे आमचे आजोबा. दादानं फोनवर मला ते वाक्य तीनदा वाचून दाखवलं. घरात एकट्या वहिनीनं विचारलं, "पण आज्जी तर आठवड्यातले चार दिवस आपले म्हणायच्या. चारच का म्हणायच्या मग?" आम्ही दोघांनी तिला गप्प केलं. आज्जींना लिहिता-वाचता येत नव्हतं, कोर्टाच्या कागदाला जास्त कळतं, असं मीच म्हणाले. कागद आम्हाला हवं ते बोलत होता, म्हणून आम्ही तो तपासला नाही. वकिलांना नुसता फोनवर फोटो पाठवला, त्यावर त्यांनी मूळ प्रत दाखवायला या असं सांगितलं होतं, तेही केलं नाही आणि सुनावणीला थेट दाखल केला.

त्या दिवशी मंडळ अधिकाऱ्यांनी सुनावणी पुढं ढकलली आणि शांतपणे सांगितलं, खरी नक्कल काढा, आणि हा कागद कुठून आला त्याची आजच पोलिसांत तक्रार द्या. हे त्यांनी सांगितलं म्हणून आम्ही वाचलो. कारण कोर्टाचा खोटा कागद करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३७ खाली गुन्हा आहेच, पण कागद खोटा आहे हे माहीत असून तो खरा म्हणून वापरणं हाही कलम ३४० खाली गुन्हा आहे. आम्ही गप्प राहिलो असतो तर उद्या चुलतभावाच्या तक्रारीत आरोपी म्हणून दादाचं नाव आलं असतं.

पोलिसांनी पहिला प्रश्न विचारला, त्याचं नाव काय? आम्हाला ते माहीत नव्हतं. दोन महिने आम्ही त्याला 'साहेब' म्हणत होतो. फोन नंबर बंद. पहिले दोन हप्ते ज्या खात्यावर पाठवले ते तिसऱ्याच कुणाच्या नावचं. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या फोन नंबरवर जितक्या लवकर कळवाल तितकी ते खात्यात अडवले जाण्याची शक्यता जास्त, हे आम्हाला तिथं कळलं. आमचे पैसे जाऊन तेव्हा दीड महिना झाला होता. फसवणुकीचा गुन्हा नोंदला आहे, तपास चालू आहे, पैसे मिळालेले नाहीत.

खरी नक्कल काढायला या वेळी मी गेले. दाव्याचा नंबर घरात कुठंच नव्हता, म्हणून आधी तहसील कचेरीतून त्या काळचा फेरफार काढला. वाटपानंतर जमिनीची नोंद बदलली होती आणि त्या फेरफारात 'रे. मु. नं.' म्हणून दाव्याचा नंबर, साल आणि निकालाची तारीख तीनही लिहिलेलं मिळालं. ज्यांना कुठूनच नंबर मिळत नाही त्यांनीही सोडून देऊ नये. प्रत्येक कोर्टात दरसालचं दिवाणी दाव्यांचं रजिस्टर ठेवावं लागतं, ते दिवाणी प्रक्रिया संहितेतच आहे. साल आणि पक्षकारांची नावं असतील तर त्यातून शोध घेण्यासाठी अर्ज करता येतो.

नक्कल विभागातल्या बाई वयानं माझ्याएवढ्याच होत्या. मी घाबरत घाबरत विचारलं, आम्हाला मिळेल का? त्या म्हणाल्या, "मिळेल का म्हणजे? तुमच्या आजोबांचा दावा आहे ना?" दाव्यातल्या पक्षकाराला निकाल आणि हुकूमनाम्याची प्रत खर्च भरून मागण्याचा हक्क आहे. आम्ही वारस, म्हणून नात्याचा पुरावा जोडला. जो दाव्यात नव्हता त्यालाही अर्ज करता येतो, पण नक्कल कशासाठी हवी त्याचं कारण द्यावं लागतं आणि कोर्टाची परवानगी लागते. पूर्वीच्या पुरावा कायद्याचं कलम ७६ होतं तेच आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ७५ झालंय. ज्याच्या ताब्यात सार्वजनिक दस्त आहे त्या अधिकाऱ्यानं तो पाहण्याचा हक्क असणाऱ्याला फी घेऊन नक्कल द्यायची, खाली ती खरी असल्याचा दाखला, तारीख, सही, हुद्दा आणि शिक्का द्यायचा.

अर्जात दाव्याचा नंबर, दोन्ही बाजूंची नावं, निकालाची तारीख आणि नेमके कोणते कागद हवेत ते लिहिलं. निकालपत्र आणि हुकूमनामा, दोन्ही. नुसतं 'केसची नक्कल' लिहू नका, त्या बाईंनी मला ते खोडून नीट लिहायला लावलं. कोर्ट फीचं तिकीट लावलं, पावती आणि अर्जाचा क्रमांक घेतला. एकोणीस दिवस लागले आणि एकंदर खर्च साडेतीनशे रुपयांच्या आत आला.

दोन्ही कागद मी शेजारी शेजारी ठेवून पाहिले. खऱ्यावर अर्जाचा क्रमांक आहे, अर्ज कधी दिला, नक्कल कधी तयार झाली, कधी हातात दिली या तारखा वेगवेगळ्या आहेत, नक्कल करणाऱ्याची आणि ताडून पाहणाऱ्याची सही आहे. या तारखा शोभेच्या नसतात, अपिलाची मुदत मोजताना नक्कल मिळायला गेलेला काळ त्यावरूनच वगळतात. खोट्या कागदावर यातलं एकही नव्हतं. एवढा एक क्रमांक जरी कुणी नक्कल विभागात नेऊन विचारला असता तरी पाच मिनिटांत कळलं असतं. तुमच्या घरी कुणी आणून दिलेली नक्कल असेल तर आज तेवढं करा. एकटं जायला बिचकत असाल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा किंवा १५१०० वर फोन करा. बायकांना तर उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. हे मला पन्नाशीत कळलं.

निकालपत्र इंग्रजीत, टंकलेखनाच्या पुसट अक्षरांत आहे. वरच्या बाजूला 'साउथ सातारा'. जमीन एकर-गुंठ्यात, सर्व्हे नंबर सगळे जागच्या जागी. विहीर सामाईक. पाण्याची पाळी रविवार ते बुधवार वादीची, गुरुवार ते शनिवार प्रतिवादीची.

वहिनीला मी ते मराठीत वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, आज्जींच्या फोटोपुढं जाऊन उभी राहिली.

सुनावणीत दादानं खरी नक्कल दिली आणि आधीच्या कागदाबद्दल माफी मागितली. चुलतभावानं आपली नक्कलही आता स्वतः अर्ज करून काढलीय, आमच्या कागदावर त्याचा विश्वास राहिलेला नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. परवा बुधवारी रात्री दादानं आपली मोटर बंद केली. गुरुवारी पहाटे त्यांची सुरू झाली. बोलणं अजून नाही.