जूनपासून वापरलेले क्रॉस-कंट्री बूट: कोकणचा पावसाळा काढल्यानंतर

नागावजवळच्या आमच्या तबेल्यात रेसमधून निवृत्त झालेला एक थरोब्रेड आहे. त्याला आणि कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीला मी क्रॉस-कंट्रीसाठी, म्हणजे मोकळ्या रानात पक्के अडथळे उडी मारून ओलांडत पळण्यासाठी, तयार करतोय. आपला घोडेस्वार फवाद मिर्झाने २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक आणलं, तेव्हापासून तिच्या डोक्यात इव्हेंटिंगच (ड्रेसाज, क्रॉस-कंट्री आणि शो जंपिंग अशी तिहेरी स्पर्धा) आहे. घोड्याच्या पुढच्या पायांसाठी हे बूट जूनमध्ये घेतले. वस्तू कशी आहे ते कोकणात पावसाळा निघाल्याशिवाय कळत नाही, म्हणून आता लिहितोय.

शो जंपिंगचा दांडा पाय लागला की पडतो. क्रॉस-कंट्रीचा ओंडका पडत नाही. आमच्याकडे माडाचे ओंडके जमिनीत पक्के बसवलेत. ऑगस्टमध्ये लाल माती निसरडी होती, घोडा उडीआधी ओंडक्याच्या फार जवळ गेला आणि डावी नळी जोरात आपटली. बुटाच्या पुढच्या कडक पट्टीवर नखाएवढी खोक पडली. बूट काढून मी तळवा नळीवरून खाली फिरवला, मागची शीर (रक्तवाहिनी नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारा टेंडन) दोन बोटांत धरून पाहिली. ना सूज, ना गरमपणा. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाय थंडच होता. पैसे तिथेच वसूल झाले. पुढच्या वेळी घोडा त्याच ओंडक्यावर कचरला नाही आणि मुलगीही पोटऱ्या लावून नजर वर ठेवून गेली.

किनाऱ्यावरच्या दौडीला मात्र मी हे बूट घालत नाही. जोरात पळताना शिरेचा गाभा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकतो. त्यावर निओप्रीनचं, म्हणजे स्पंजासारख्या रबराचं, अस्तर आलं की उष्णता आत कोंडते. या बुटांना हवेसाठी भोकं आहेत, तरी आपल्या दमट हवेत काढल्यावर आतला पाय चांगलाच गरम लागतो. शिवाय वरच्या कडेने बारीक वाळू आत शिरते आणि घोट्याच्या मागची कातडी सोलवटते. ओहोटीला ओल्या, घट्ट वाळूवर उघड्या पायांनीच पळवावं. ड्रेसाजच्या, म्हणजे सपाट मैदानात ठरलेल्या चाली करून दाखवायच्या, फेरीत बूट चालत नाहीत, त्यामुळे घोड्याला तशीही सवय हवीच.

पाण्याचा अडथळा आम्ही आधी खाडीच्या संथ कडेला शिकवतो, लाटांत नाही. पाणी तळाच्या भोकांतून पटकन निघून जातं, बूट जड होत नाही. हे मला फार आवडलं. वेल्क्रोवर टेप लावायची असेल तर ती पट्ट्यापेक्षा घट्ट नको, शिरेवर दाब येतो. पट्टे बाहेरच्या बाजूला आणि त्यांची टोकं मागे, एवढं साईसाला (मोतद्दाराला) एकदा नीट दाखवून ठेवा.

निगा भरपूर लागते. खारं पाणी वाळलं की वेल्क्रो ताठरतो, म्हणून घरी आल्या आल्या विहिरीच्या गोड्या पाण्यात खळबळायचे. जुलैत पडवीत दोरीवर टांगूनही अस्तर चार-चार दिवस वाळत नव्हतं, वास यायचा. ओलं अस्तर पुन्हा बांधलं तर घोट्यामागे माणसांच्या पायाला होतात तशा चिखल्या होतात. पावसाळ्यात दोन जोड्या आलटून पालटून वापरणं हाच उपाय.

खरी तक्रार शिलाईची. सप्टेंबरअखेर उजव्या बुटाची खालची कड उसवली. दुकानदाराने पाण्याचं कारण सांगून बदलून दिला नाही. पाण्यात जाण्यासाठीच विकलेल्या वस्तूबद्दल हे उत्तर मला मान्य नाही. चांभाराकडून नायलॉनच्या दोऱ्याने शिवून घेतला, अजून टिकलाय.

पुढच्या पायांसाठी पुन्हा हेच घेईन. मागच्या पायांसाठी खालच्या कडेला दुहेरी शिलाई असलेले शोधतोय.