लेव्हल्स डॉट एफवायआय : एकूण आकडा सोडा, लेव्हल आणि फोड वाचा

अप्रेझलचं पत्र हातात पडलं की पुण्यातल्या आयटीवाल्यांची पहिली धाव बहुतेक वेळा लेव्हल्स डॉट एफवायआयकडे असते. 2017 पासून चालू असलेल्या या साइटवर जगभरातले इंजिनिअर आपला पगार, लेव्हल (कंपनीतल्या पदांच्या शिडीवरची पायरी), अनुभव आणि शहर स्वतः भरतात. आपल्याला कमी मिळतंय का, हे बघायला लोक येतात आणि एकूण पॅकेजचा ठळक आकडा डोक्यात घेऊन जातात. पुढच्या आठ-दहा वर्षांचा आराखडा आखायचा असेल, तर तोच आकडा सगळ्यात कमी कामाचा. लेव्हलचा तक्ता, पगाराची फोड आणि ‘कंपनीत किती वर्षं’ हा रकाना, या तीन गोष्टींसाठी ही साइट वापरावी. त्या कामात तिला तोड नाही.

आधी तक्ता. दोन-तीन कंपन्या निवडल्या की त्यांच्या लेव्हल शेजारी-शेजारी उभ्या राहतात आणि कोणती पायरी कोणाच्या समोर येते ते दिसतं. गूगलमध्ये कॉलेजमधून थेट आलेला इंजिनिअर एल3 वर असतो, एल5 म्हणजे सीनिअर, एल6 म्हणजे स्टाफ (सीनिअरच्या वरचं तांत्रिक पद). अ‍ॅमेझॉनमध्ये एसडीई (सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट इंजिनिअर) 1 म्हणजे लेव्हल 4, एसडीई 2 म्हणजे 5 आणि एसडीई 3 म्हणजे 6. मायक्रोसॉफ्टची मोजणी 59 पासून, 63-64 ला सीनिअर आणि 65 पासून प्रिन्सिपल. तेव्हा अ‍ॅमेझॉनचा 6 आणि गूगलचा 6 एक समजू नयेत, आणि मायक्रोसॉफ्टमधल्या ‘प्रिन्सिपल’ची अ‍ॅमेझॉनच्या प्रिन्सिपलशी, म्हणजे लेव्हल 7 शी, बरोबरी करू नये. अ‍ॅमेझॉनचा एसडीई 2 चा पट्टा तर चांगलाच रुंद आहे, गूगलच्या एल4 च्या पुढेही सरकणारा. नवीन ऑफरमध्ये पदनाम मोठं दिसतंय, पण पायरी खरंच वरची आहे का, हे इथे दोन मिनिटांत कळतं.

तक्त्यात एक गोष्ट मात्र दिसत नाही. सगळ्या पायऱ्या सारख्याच चढायच्या आहेत, असं तो बघून वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक प्रॉडक्ट कंपन्यांत (स्वतःचं सॉफ्टवेअर बनवून विकणाऱ्या) सीनिअरपर्यंत बढती अपेक्षितच असते, नीट काम करणारा माणूस काही वर्षांत तिथे पोचतो. त्यापुढे स्टाफ व्हायला अनेक टीमना व्यापणारं काम हातात असावं लागतं, आणि ते काम त्या ऑफिसात असावंही लागतं. मूळ डिझाइन अमेरिकेत आणि इथे फक्त देखभाल, अशा ऑफिसात सीनिअरच्या वर जागाच मोजक्या असतात. म्हणून सीनिअरपर्यंतचं नियोजन वर्षांत करावं; त्यापुढचं करताना कोणत्या ऑफिसात कोणतं काम आहे ते आधी बघावं. शहर निवडून वरच्या लेव्हलच्या किती नोंदी आहेत तेवढ्या मोजा. पुण्यासाठी स्टाफच्या नोंदी जवळपास नाहीत आणि बंगळुरूसाठी भरपूर आहेत, असं एखाद्या कंपनीचं चित्र दिसलं, तर मुलाखतीत त्याबद्दल सरळ विचारावं.

आता पगाराची फोड. प्रत्येक नोंदीत बेस, स्टॉक आणि बोनस वेगळे असतात. भारतातल्या नोंदींत इथेच घोळ होतो, कारण अनेक जण बेसच्या रकान्यात अख्खी सीटीसी (कंपनीला पडणारा वर्षाचा एकूण खर्च) टाकतात. उदाहरणार्थ, 18 लाखांची सीटीसी घ्या. बेसिक 40 टक्के, म्हणजे 7.2 लाख. त्यावर कंपनीचा पीएफ 12 टक्के, म्हणजे 86,400. ग्रॅच्युइटी 4.81 टक्क्यांनी साधारण 34,600. व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा भाग) 10 टक्के, म्हणजे 1.8 लाख. विम्याचा हप्ता 20,000 धरला तर नक्की मिळणारा पगार उरतो साधारण 14.8 लाख, आणि त्यातूनही तुमच्या वाट्याचा पीएफ व कर कापायचाच आहे. एकाने 18 लिहिले, दुसऱ्याने 14.8, आणि दोघांची ऑफर एकच! एका लेव्हलच्या बेसमध्ये 15-20 टक्क्यांचं अंतर दिसलं, तर आधी हीच शंका घ्यावी.

स्टॉकचा आकडा त्याहून फसवा. नोंदीत बहुधा वर्षाची सरासरी असते, शेअर मात्र दरवर्षी सारखे येतातच असं नाही. अ‍ॅमेझॉनची वाटणी अनेक वर्षं 5, 15, 40, 40 टक्के (पहिल्या ते चौथ्या वर्षी) अशी राहिली आहे आणि पहिल्या दोन वर्षांची तूट रोख जॉइनिंग बोनसने भरली जाते. 40,000 डॉलरचं ग्रँट (चार वर्षांसाठी मंजूर झालेले शेअर) असेल तर सरासरी 10,000 दिसेल, पण पहिल्या वर्षी येतील 2,000 आणि चौथ्या वर्षी 16,000. काही कंपन्या उलट करतात, सुरुवातीला जास्त आणि शेवटी कमी. दोन्हीकडे खरा प्रश्न पाचव्या वर्षाचा, कारण तोवर मूळ ग्रँट संपलेलं असतं. मधल्या काळात रिफ्रेशर (नंतर दिलेले जादा शेअर) मिळाले नसतील, तर लेव्हल तीच राहून उत्पन्न धाडकन खाली येतं.

कराचा हिशोब साइट करत नाही, तो आपण करायचा. शेअर खात्यात येतात त्या दिवसाच्या भावाने रक्कम पगारात धरली जाते. 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेस धरून 31.2 टक्के जातात, म्हणजे 100 शेअरपैकी साधारण 69 हातात राहतात; उत्पन्न 50 लाखांच्या वर गेलं तर अधिभार वेगळा. शिवाय परदेशी कंपनीचे शेअर असले की विवरणपत्रात शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता) भरावंच लागतं, आणि तिथे आर्थिक वर्षाऐवजी कॅलेंडर वर्ष धरतात. दीर्घ पल्ल्याच्या नियोजनात लिहून आलेल्या स्टॉकची निम्मी किंमत धरावी आणि घराचा हप्ता फक्त बेसवर बेतावा, हे आमचं ठाम मत.

सगळ्यात दुर्लक्षित पण सगळ्यात मोलाचा रकाना म्हणजे एकूण अनुभवाच्या शेजारचा ‘कंपनीत किती वर्षं’. एकच कंपनी, एकच लेव्हल, एकच शहर निवडा. कंपनीत शून्य किंवा एक वर्ष झालेल्यांचा बेस एका बाजूला काढा, तीन-चार वर्षं झालेल्यांचा दुसऱ्या बाजूला. नव्यांचा बेस जुन्यांच्या वर असेल, तर ती कंपनी बाहेरून येणाऱ्याला बाजारभाव देते आणि आतल्याला देत नाही. अशा ठिकाणी बढती मिळूनही पगार मागेच राहतो. दोन्ही गट बरोबरीत असतील, तर तिथे टिकून वर चढणं परवडतं. कंपनी बदलायची की थांबायचं, याचा इतका सरळ पुरावा दुसऱ्या कुठल्या साइटवर मिळत नाही.

हे सगळं मोजताना चाळणी कडक ठेवा. गेल्या बारा महिन्यांतल्याच नोंदी घ्या, कारण 2021-22 च्या भरतीच्या लाटेतले आकडे आजही सरासरी फुगवतात. एका लेव्हलच्या निदान 15 नोंदी नसतील, तर निष्कर्ष काढू नका. सर्वोच्च आकडे सोडून मधला आणि खालच्या चतुर्थांशाचा बघा. चांगली ऑफर मिळालेला माणूस हौसेने नोंद करतो, रखडलेला करत नाही. सगळे तपशील उघडायला बऱ्याचदा स्वतःचा पगार भरावा लागतो. तो भरताना सीटीसीची वरच्यासारखी फोड करूनच भरा. वर्षातून एकदा, अप्रेझलच्या आधी, हे आकडे एका शीटमध्ये उतरवून ठेवले तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी कल दिसू लागतो.

सर्व्हिस कंपन्यांसाठी (दुसऱ्या कंपन्यांची कामं करून देणाऱ्या) मात्र साइट तोकडी पडते. तिथल्या पदनामावरून कामाचा आवाका कळत नाही; एकाच पदनामाचा एक जण सिस्टिमचं डिझाइन करत असतो, दुसरा तिकिटं (नोंदवलेल्या तक्रारी) बंद करत असतो. म्हणून दहा वर्षांचा अनुभव घेऊन प्रॉडक्ट कंपनीत गेलेल्याला कधी कधी सीनिअरच्या खालची पायरी देऊ करतात. बेस वाढत असेल आणि पुढची बढती दोनेक वर्षांत शक्य असेल, तर ती घ्यायला हरकत नाही. सर्व्हिस कंपन्या आणि पुण्यातल्या छोट्या कंपन्यांसाठी अँबिशनबॉक्स या भारतीय साइटवर नोंदी जास्त मिळतात, पण तिथे अनुभवाप्रमाणे सरासरी मिळते, लेव्हलची शिडी मिळत नाही.

त्या लेव्हलला करायचं काय, हे साइट सांगत नाही. त्यासाठी ड्रॉपबॉक्सने जाहीर केलेली करिअर फ्रेमवर्क किंवा गिटलॅबचं हँडबुक उघडा. दोन्ही फुकट आहेत आणि पायरीगणिक अपेक्षा लिहिलेल्या आहेत. तुमच्या पुढच्या पायरीचं पान घ्या आणि प्रत्येक अपेक्षेसमोर गेल्या सहा महिन्यांतलं तुमचं एक काम लिहा. ज्या ओळी रिकाम्या राहतील, ती कामं पुढच्या तिमाहीत मॅनेजरकडून मागून घ्या.

अमेरिकेला जायचा विचार असलेल्यांसाठी साइटवर एच-1बी या अमेरिकी वर्क व्हिसाचा वेगळा विभाग आहे. तो कंपन्यांनी अमेरिकी कामगार खात्याकडे दाखल केलेल्या अर्जांवर उभा असल्याने जास्त भरवशाचा, पण त्यात फक्त बेस असतो. त्या डॉलरना रुपयांनी गुणून इथल्या पगाराशी ताडू नका. तिथलं घरभाडं, आरोग्यविमा आणि मुलांच्या पाळणाघराचा खर्च वजा करून मगच बघा.

पगाराच्या वाटाघाटींसाठी साइटची सशुल्क सेवाही आहे. दोन ऑफर हातात असतील आणि स्टॉकचा भाग मोठा असेल, तर तिचा विचार करता येईल. एकच ऑफर आणि जवळपास सगळा पगार बेस, अशा वेळी ते पैसे खर्च करायची गरज नाही. त्याच लेव्हलच्या, त्याच शहरातल्या, नुकत्या रुजू झालेल्यांच्या नोंदी एचआरच्या मेलमध्ये आकड्यांनिशी मांडल्या तरी काम होतं.