लोखंडी चायनीज कढई: दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जूनच्या शेवटी मी रविवार पेठेतून हॉटेलवाले वापरतात तसली लोखंडी पत्र्याची चायनीज कढई आणली. गोल बूड, एका बाजूला लांब दांडा, व्यास 34 सेंटिमीटर, वजन पावणेदोन किलोच्या आसपास, किंमत अकराशे रुपये. दहा महिने झाले, आठवड्यातून किमान दोनदा ती गॅसवर चढते. एवढ्या वापरानंतर तिच्याबद्दल चार शब्द लिहावेत असं वाटलं, कारण घेण्याआधी मला नेमकी हीच माहिती कुणाकडून मिळत नव्हती.

आधी कारण सांगते. माझ्या सासूबाई 74 वर्षांच्या, पूर्ण शाकाहारी. गाडीवर एकाच कढईत अंडं, चिकन आणि व्हेज, सगळं परततात, म्हणून त्यांनी आयुष्यात कधी गाडीवरचं चायनीज तोंडात घातलं नव्हतं. आम्ही पार्सल आणलं की त्या आपला दहीभात घेऊन बाजूला बसायच्या. मला ते फार लागायचं. नॉनस्टिकच्या कढईत मी दोनतीन वर्षं घरी करून पाहिलं. चव वाईट नव्हती, पण तो फ्राइड राइस नव्हताच, सोया सॉस घातलेला फोडणीचा भात होता. मुलीने एकदा सरळ विचारलं, "आई, याला तो वास का येत नाही?" तो वास मिळवायचाच, असं तेव्हा मनाने घेतलं.

पहिली अडचण पहिल्याच दिवशी आली. दुकानदार म्हणाला, "ताई, धुवा आणि वापरायला घ्या." मी तसंच केलं आणि नूडल्सना यंत्राच्या तेलाचा वास लागला. सगळं टाकून द्यावं लागलं. नवीन लोखंडी पत्र्यावर गंज चढू नये म्हणून तेलाचा किंवा लाखेसारखा थर दिलेला असतो. तो गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि तारेची घासणी घेऊन खरवडून काढावा लागतो. मला त्याला पाऊण तास लागला. दुकानदाराने एक वाक्य जास्त सांगितलं असतं तर अन्न वाया गेलं नसतं.

त्यानंतर कढई तयार करायची. मोठ्या आचेवर कोरडी तापवली की राखाडी पत्रा आधी पिवळसर होतो, मग तपकिरी, मग मोरपिशी निळा. तो निळा रंग बुडापासून कडेकडे सरकत जाताना पाहण्यासारखा असतो. सगळीकडे रंग फिरला की आच कमी करून कापडाच्या बोळ्याने अगदी पुसट तेल फिरवायचं आणि धूर थांबेपर्यंत तापवायचं. मी हे पाच वेळा केलं, खिडक्या सताड उघड्या ठेवून. शेवटी पातीच्या कांद्याचे हिरवे देठ आणि आल्याच्या साली भरपूर तेलात काळ्या होईपर्यंत परतून टाकून दिल्या. तापलेलं तेल लोखंडावर वार्निशसारखं घट्ट बसतं आणि त्याच थरामुळे पुढे अन्न चिकटत नाही. तेल जास्त लावलं तर मात्र थर चिकट होतो आणि पापुद्रे निघतात. पहिल्या महिन्यात माझ्याकडून तेही झालं.

पावसाळ्यात घेतल्याचा त्रासही झाला. जुलैत एका रात्री धुऊन तशीच मांडणीवर पालथी घातली, सकाळी आतून नारिंगी तांबेरा. घाबरायचं कारण नाही. घासून काढा, पुन्हा तापवा, तेल लावा. तेव्हापासून धुतली की लगेच दोन मिनिटं गॅसवर कोरडी करते आणि तेलाचं बोट फिरवते. साबण क्वचितच लावते. आता ती आतून काळीभोर तुकतुकीत झाली आहे. मंच्युरियनचे गोळे मुद्दाम हिच्यातच तळले, त्याने थर पक्का व्हायला फार मदत झाली.

आता मुख्य गोष्ट. कढई चांगली आहे, पण नुसती कढई आणून तो वास येत नाही. गाडीवरच्या भट्टीची आच आपल्या गॅसपेक्षा कितीतरी पट असते. तिथे भाजीतलं पाणी सुटतं त्याच क्षणी वाफ होऊन उडून जातं, तेलाचे थेंब ज्वाळेवर पेटतात आणि भात कढईला भाजला जातो. कॅन्टोनीज लोक या सगळ्याला 'वोक हे' म्हणतात, म्हणजे कढईचा श्वास. आपल्या गॅसवर तेवढी उष्णता नसते. मग आपल्या हातात काय उरतं? प्रमाण. लोखंड आधीच सणसणीत तापवून ठेवायचं आणि त्यात एका वेळी दोन प्लेटपेक्षा जास्त काही घालायचं नाही. चार जणांचं एकदम टाकलं की कढई गार पडते, कोबी पाणी सोडतो आणि परतण्याऐवजी सगळं वाफेवर शिजतं. माझी दोनतीन वर्षं इथेच गेली. सॉस बदलत राहिले, घाणा मात्र मोठाच राहिला.

यावर तोड म्हणून कुणी घरच्या सिलिंडरला हाय-प्रेशर शेगडी लावायचा सल्ला दिला तर कृपा करून ऐकू नका. घरगुती रेग्युलेटर कमी दाबासाठी असतो आणि त्यात ढवळाढवळ करणं जिवावर बेतू शकतं. साध्या शेगडीचा मोठा बर्नर पुरतो.

कढई तापली की नाही हे बघायला पाण्याचा थेंब टाकते. तो चुरचुरून आटला तर अजून वेळ आहे. मण्यासारखा गोल होऊन बुडात गरगर फिरला की तेल घालायचं. तेल कडेने सोडायचं, लगेच बारीक चिरलेली लसूण आणि आलं, जेमतेम दहा सेकंद. मग फरसबी आणि गाजर, त्यानंतर कोबी आणि ढोबळी मिरची, तेही मिनिटभरच. भाज्या बाजूला सारून मध्ये भात टाकायचा आणि वीस सेकंद हात लावायचा नाही. हा धीर मला फार उशिरा आला. तेवढ्या वेळात खालचा भात तडतडायला लागतो, फुटाण्याच्या भट्टीजवळ येतो तसा खमंग वास सुटतो. मग उलथण्याने तळापासून उचलून फेकायचं. सोया सॉस भातावर ओतू नका, कढईच्या तापलेल्या कडेवर ओता. तिथे तो फसफसून करपल्यासारखा होतो आणि खाली उतरतो. नुसत्या या एका बदलाने चव कितीतरी सुधारली. मीठ आणि पांढरी मिरपूड शेवटी, गॅस बंद करून पातीचा कांदा. ऑगस्टमध्ये एका रविवारी पहिल्यांदा सगळं जमून आलं आणि मुलगी आतल्या खोलीतून ओरडली, "आला, आला तो वास!"

भाताचं म्हणाल तर इंद्रायणी आणि आंबेमोहोर इथे कामाचे नाहीत, गोळा होतो. जुना सुरती कोलम मला सर्वांत चांगला वाटला, लांब दाण्याचा बासमतीही चालतो. भात कणी राहील इतपतच शिजवून परातीत पसरायचा आणि वाफ गेली की फ्रिजमध्ये. रात्रभर ओट्यावर ठेवलेला भात वापरू नका. शिळ्या भातात एक जिवाणू वाढतो आणि त्याचं विष पुन्हा तापवूनही जात नाही.

मंच्युरियनबद्दल थोडी ओढ आहे, म्हणून जास्त लिहिते. हा पदार्थ चीनमधल्या मंचुरियाचा नाही, आपल्या मुंबईचा आहे. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी 1975 च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंच्युरियन केलं, असं त्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. आलं, लसूण, हिरवी मिरची हे आपलंच वाटण, त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर. म्हणूनच आपल्या हाताला ते पटकन जमतं. पाव किलो किसलेला कोबी, एक गाजर, मीठ लावून दहा मिनिटं ठेवायचं आणि पंचात घट्ट पिळायचं. ते पाणी फेकू नका, ग्रेव्हीत घाला. पिळलेल्या चोथ्याला तीन चमचे मैदा आणि दोन चमचे कॉर्नफ्लोअर पुरे. जास्त पीठ घातलं की गोळे भज्यांसारखे लागतात. एकदा मध्यम आचेवर फिकट तळायचे, गार होऊ द्यायचे, जेवायच्या आधी कडक तेलात पुन्हा तळायचे. ग्रेव्हीत पडल्यावरही कुरकुरीतपणा टिकतो तो या दुसऱ्या तळण्याने.

ग्रेव्हीसाठी एक कप पाण्याला चमचाभर कॉर्नफ्लोअर. गार पाण्यात कालवून ठेवलेलं पीठ तळाशी बसतं, घालताना पुन्हा ढवळायचं आणि उकळी आल्यावरच सोडायचं. व्हिनेगर नेहमी सर्वांत शेवटी, गॅस बंद करून. आधी घातलं तर त्याची आंबट चव वाफेबरोबर उडून जाते आणि कढईचा थरही खरवडला जातो.

लाल रंग मी घालत नाही. 2024 च्या मार्चमध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंच्युरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली, कारण तपासणीत असुरक्षित रंग सापडले होते. गोव्यात म्हापसा नगरपालिकेने त्याच्या थोडं आधी गाड्यांवरच्या गोबी मंच्युरियनवर बंदी आणली होती, तीही रंग आणि अस्वच्छतेच्या कारणाने. लहान मुलं आवडीने खातात तो पदार्थ, त्यात असं काही असणं मला सहन होत नाही. ब्याडगी मिरची भिजवून वाटली की रंग आपोआप येतो.

शेजवान चटणी त्याच ब्याडगीची करते. पंधरा ब्याडगी आणि पाचसहा लवंगी मिरच्या बिया काढून गरम पाण्यात भिजवायच्या, वाटायच्या. अर्धी वाटी तेलात वीसेक पाकळ्या लसूण आणि आलं मंद आचेवर परतायचं, मग मिरचीचं वाटण, मीठ, चिमूटभर साखर, आणि तेल सुटेपर्यंत ढवळत राहायचं. ही चटणी स्टीलच्या कढईत करा. लोखंडी कढईत आंबट पदार्थ शिजत ठेवला की काळपट होतो आणि जिभेला लोखंड लागतं. हॉट अँड सॉर सूपसुद्धा याच कारणाने मी पातेल्यातच करते.

गंमत अशी की चीनमधला सिच्वान प्रांत ज्या जीभ बधिर करणाऱ्या मिऱ्यासाठी प्रसिद्ध आहे, ते मिरं आपल्या गाडीवरच्या शेजवानमध्ये सहसा नसतंच. पण त्याचा सख्खा भाऊ आपल्याकडे आहे: तिरफळ. कोकण-गोव्यात माशाच्या हुमणात पडतं तेच. दोन्ही एकाच कुळातली झाडं. काळी बी काढून नुसतं टरफल भाजून चटणीत घातलं आणि जिभेवर ती झिणझिणी आली तेव्हा मला खरंच आनंद झाला. चार टरफलं पुरेत, सहा घातली तर औषध होतं.

अजिनोमोटोबद्दल सगळे विचारतात. मी चार माणसांना पाव चमचा घालते. जपानी शास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये कोंबू नावाच्या समुद्री शेवाळातून ही चव वेगळी काढली. टोमॅटोतही ती असते. त्यात सोडियम मिठाच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी असतं. मात्र आधीच खारट सोया सॉस असतो, त्यामुळे वरचं मीठ हात राखून घाला. शाकाहारी घरांनी एवढं पाहावं की नूडल्सच्या पाकिटावर हिरवा ठिपका आहे का, कारण काहींत अंडं असतं, आणि ऑयस्टर सॉस तर कालवांचाच असतो.

कढईच्या उणिवाही आहेत. दांड्याचा बोल्ट दर महिन्याला ढिला होतो, पाना हाताशी ठेवावा लागतो. भरलेली कढई एका हाताने उडवणं मला जमत नाही, मनगट भरून येतं. गोल बूड असल्यामुळे इंडक्शनवर ती चालणार नाही. इंडक्शनवाल्यांनी सपाट बुडाची घ्यावी. आणि स्वयंपाकघरात पंखा किंवा चिमणी नसेल तर धुराचा त्रास नक्की होईल. ज्यांना भांडं धुऊन तसंच ठेवायची सवय आहे, त्यांनी घेऊ नये. बाकी मला ती पुन्हा घ्यावी लागली तर अशीच घेईन.

आता सासूबाई. कढई आली आणि आठवड्यात आषाढी. त्यांचा चातुर्मास, कांदा-लसूण बंद. मला वाटलं आता चार महिने काही नाही. पण चीनमधले बौद्ध मठसुद्धा कांदा-लसूण वर्ज्य मानूनच स्वयंपाक करतात, हे वाचलं आणि धीर आला. भरपूर आलं, सेलरीचे देठ, हिरवी मिरची, पांढरी मिरपूड एवढ्यावर नूडल्स केल्या. त्यांनी आधी वाटीभर घेतल्या, काट्याने नाही, हातानेच, आणि म्हणाल्या, "शेवयांच्या उपम्यापेक्षा हे बरं आहे गं." कार्तिकीनंतर लसूण घातलेला फ्राइड राइस पहिल्यांदा खाल्ला, दुसऱ्यांदा मागून घेतला. आता फरसबी त्याच चिरतात, आगपेटीच्या काडीएवढी बारीक. मी चिरलेली त्यांना जाड वाटते.

आषाढी आता फार लांब नाही, म्हणून त्यांनी आधीच बिनलसणाची शेजवान चटणी मागून ठेवली आहे. तीन वेळा करून झाली, अजून फिकी वाटते. चौथ्या खेपेला आलं दुप्पट केलंय, सेलरीची पानंही वाटली आहेत आणि तिरफळ चारचं पाच केलंय. बरणी फ्रिजमध्ये आहे, रविवारी नूडल्समध्ये घालून बघणार.