कॅरॅव्हॅनचं बुकिंग आणि पन्नास हजारांचा चुना

समृद्धी महामार्ग झाल्यापासून कोकणात गाडीनेच जायचं खूळ नागपुरात बऱ्याच घरांत शिरलंय, म्हणून हे लिहायला घेतलं. आमचे ५०,५०० रुपये गेले. एकदम कोणी मागितले असते तर एक रुपयाही दिला नसता. चार हप्त्यांत गेले, आणि प्रत्येक हप्त्याला एक सरळसाधं नाव होतं.

जाहिरात इन्स्टाग्रामवर होती. मालवणजवळ समुद्राला लागून मुक्काम, कॅरॅव्हॅन म्हणजे झोपायची सोय असलेली गाडी, आत छोटं किचन आणि टॉयलेट, गाडी नागपूरला दारात आणून देणार. भाडं दिवसाला साडेसात हजार. बाकी ठिकाणी जास्त सांगत होते, पण हा दर संशय यावा इतकाही कमी नव्हता. माणूस बोलायला गोड. "ताई, टेन्शन नका घेऊ, ड्रायव्हर आपल्या घरचाच आहे." नाताळच्या सुट्ट्यांसाठी १५,००० बुकिंगचे दिले. मग २०,००० डिपॉझिट, गाडी परत केली की वापस मिळणार म्हणे. डिपॉझिट तर भाड्याच्या सायकललाही घेतात, त्यात वावगं काय?

तिसरा हप्ता खास होता. ६,५०० रुपये, "बीच पार्किंग परवानगी". त्याची पावतीही आली, वर अशोकस्तंभ, खाली शिक्का, आणि लिहिलेलं की गाडी रेतीवर, पाण्यापासून जवळ उभी राहील. माझ्या ऑफिसातल्या एकीचं माहेर मालवणचं. तिने पावती वाचली आणि हसायलाच लागली. रेतीवर गाडी नेलेली चालत नाही, आणि नेली तरी चाकं रुततात. त्यात आमची एक रात्र नेमकी अमावास्येची, म्हणजे उधाणाची. तिकडे तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. दिवसाही आणि रात्रीही. म्हणजे आम्ही आत गाढ झोपलेलो आणि पाणी सुरूच्या झाडांकडे सरकत असलेलं. खरे कॅम्पवाले गाडी वर, स्वतःच्या वाडीत किंवा रिसॉर्टच्या आवारात लावतात, तंबूसुद्धा भरतीच्या रेषेच्या बरेच वर ठोकतात. हे तिने सांगितलं तोवर पैसे जाऊन आठवडा झाला होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "आमची जागा स्पेशल आहे."

निघायच्या सकाळी बॅगा दारात, डब्यात संत्रा बर्फी, आणि फोन आला. गाडी समृद्धीवर जालन्याजवळ आरटीओने अडवलीय, परमिटचे १८,००० भरायचेत, अर्धे तुम्ही टाका, भाड्यातून वळते करू. मागून ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते. (ते आवाज मोबाइलवर कुणालाही वाजवता येतात, हे आता कळतं.) ९,००० गेले. तासाभराने उरलेले ९,००० मागितले, तेव्हा माझे दीर म्हणाले, "वहिनी, गाडी पकडली म्हणजे चालान फाटलं असंल ना. गाडी नंबर मागा, मी परिवहनच्या साइटवर पाहतो." नंबर मागितला तशी ताईची मॅडम झाली. मग म्हणे बुकिंग रद्द करतो, रिफंडसाठी हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन फक्त पाठवायला लागतो. तिथे दिरांनी फोन हातातून घेतला.

त्यानंतर त्याचे कागद टेबलावर पसरून बसलो. बिलावर पत्ता मालवणचा, पण जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे ३०. ते गोव्याचे, महाराष्ट्राचे २७ असतात. त्या क्रमांकाचं सहावं अक्षर 'पी' होतं, म्हणजे नोंदणी एका व्यक्तीची. बिलाच्या माथ्यावर मात्र प्रायव्हेट लिमिटेड, तिथे 'सी' हवा. जीएसटीच्या साइटवर क्रमांक टाकला तर तो कुण्या टाइल्सवाल्याचा निघाला, त्या बिचाऱ्याला याचा पत्ताही नसेल. फोटोंची तऱ्हा आणखी मजेशीर. सगळ्यात सुंदर फोटोत गाडीचं दार आणि त्यावरचं छत उजव्या अंगाला. आपल्याकडे गाडी डाव्या कडेला थांबते, चढायचं दारही डावीकडेच असतं. ती गाडी परदेशातली होती. नंबरप्लेट असलेला एकही फोटो त्याने पाठवला नव्हता.

नंबरप्लेट आधी मागाच. ड्रायव्हरसकट भाड्याची गाडी असेल तर पिवळी पाटी आणि काळी अक्षरं, स्वतः चालवायला मिळणारी असेल तर काळी पाटी आणि पिवळी अक्षरं. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने देता येत नाही, आणि अपघात झाला तर विमावाले हात वर करू शकतात. नंबर एमपरिवहनवर टाकला की गाडीचा प्रकार आणि फिटनेस दिसतो. व्हिडिओ कॉलवर गाडी आतून-बाहेरून दाखवायला सांगा. खऱ्या मालकाला त्यात पाच मिनिटं जातात. आणि पैसे पाठवताना ॲपवर जे नाव उमटतं ते वाचा. आमच्या चार हप्त्यांना तीन वेगवेगळी नावं होती, "अकाउंटंटचं खातं आहे" हे त्याचं ठरलेलं उत्तर.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर त्याच दुपारी फोन लावला, तोही लागायला वेळ लागला. त्यांनी व्यवहाराचे क्रमांक घेतले, तक्रार नोंदवली. शेवटचे ९,००० त्या खात्यातच होते, ते बँकेने गोठवले. आधीचे ४१,५०० पुढच्या खात्यांत आणि तिथून एटीएममधून कधीच निघून गेले होते. गोठवलेली रक्कम परत मिळावी म्हणून कोर्टात अर्ज दिलाय, तारीख पडायचीय.