ताजमध्ये राहायचं तर जुन्या पॅलेसमध्येच

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं मशीन शॉप आहे. परदेशी गिऱ्हाईक मुंबईत आलं की कुलाब्याच्या ताजमध्ये उतरतं, त्यामुळं गेल्या दिवाळीपासून माझंही तिथं राहणं होतंय. सुरुवातीला मी सगळ्यांना सांगायचो, पॅलेस म्हणजे जुनी इमारत सोडा, शेजारचा नवा टॉवर घ्या. पोहायचा तलाव तोच, भाडं कमी, मग जुन्या इमारतीला जादा पैसे कशाला? आता मत बदललंय, आणि कारण एकच: पॅलेसमधला जिना.

घुमटाखाली मधोमध तो मजल्यामागून मजला चढत जातो. पायऱ्यांचं एक टोक भिंतीत रुतलेलं, दुसऱ्या टोकाला खालून एकही खांब नाही. लोड कुठं जातो हे आधी बघायची आमच्या धंद्यातली सवय. मी खाली उभा राहून पायरीन् पायरी न्याहाळली. १९०३ सालचं काम आहे हे, गेटवे उभा राहिला त्याच्या २१ वर्षं आधीचं!

टॅक्सीवाले अजून सांगतात, इमारत उलटी बांधली गेली म्हणून आर्किटेक्टनं उडी टाकली. मला याचा खरंच राग येतो. मूळ आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य तर बांधकाम पुरं व्हायच्या आधीच वारले, पुढचं डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पुरं केलं. दरवाजा मुद्दामच शहराच्या बाजूला होता, आज तलाव आहे तिथं. पश्चिमेकडच्या समुद्राची हवा खोल्यांना मिळावी म्हणून. आपल्या माणसाच्या नावावर असली कहाणी का खपवून घ्यायची?

शिमग्याच्या सुमाराला आई आणि आक्काला घेऊन जायचं ठरलं. बुकिंग एजंटानं पैसे पॅलेसचे घेतले आणि व्हाउचर टॉवरचं पाठवलं. विचारलं तर म्हणतो, "ताजच आहे की ओ!" फरक नको, सगळी रक्कम परत घेतली आणि थेट हॉटेलकडून पॅलेसमधली शहराकडची खोली घेतली. समुद्राकडच्या खोलीपेक्षा ती स्वस्त पडते, आणि जिना तर दोन्ही खोल्यांना तोच. आईचे गुडघे दुखतात, तरी लिफ्ट नको म्हणाली. कठडा धरून, दर मजल्यावर थांबून वर घुमटाकडं बघत ती सावकाश उतरली.

बेळगावहून रात्रीच्या बसनं गेलात तर सकाळीच पोचाल, खोली मात्र दुपारी मिळते. सामान तिथं ठेवायला द्या. आणि व्हाउचरवर 'पॅलेस' छापलेलं दिसेपर्यंत एजंटाला एक रुपया देऊ नका.