निळा स्कॅनर आणि चोर्ला न चढणारी पिकअप

ईएलएम 327 चा निळा ब्लूटूथ डबा ऑनलाइन हजाराच्या आत मिळतो. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटात (इंजिनच्या कॉम्प्युटरशी बोलायच्या जोडणीत) खोचला की मोबाइलवर इंजिनचे आकडे दिसू लागतात. प्रश्न एवढाच, की दहा-बारा वर्षं जुनी डिझेल पिकअप आयडलला थरथरते, मिसिंग करते आणि चिरे भरून चोर्ला किंवा अनमोड घाट चढताना दुसऱ्या गिअरवर येते, तेव्हा हा डबा किती उपयोगी? आकडे दाखवायला चांगला आहे. पण दोष शोधून देईल या भरवशावर घेतला, तर पैसे गेले म्हणून समजा.

घेण्याआधी आरसी बुक काढून गाडी कुठल्या भारत स्टेजची (प्रदूषणाच्या सरकारी नियमांच्या टप्प्याची) आहे ते बघा. टाटा 207 डीआयसारख्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांत स्कॅनरशी बोलणारं कुणी नसतं, तिथे विषयच संपला. एप्रिल 2013 पासून स्टेज 4 च्या गाड्यांना ओबीडी 2 सक्तीचं झालं, पण स्टेज 3 च्या गाड्या 31 मार्च 2017 पर्यंत विकल्या जात होत्या. म्हणून 2015 ची आहे म्हणजे चालेलच, हा हिशेब चुकतो. स्टेज 3 च्या कॉमन रेल गाडीत (एकाच नळीत, म्हणजे रेलमध्ये, दाबाखाली साठलेलं डिझेल सगळ्या इंजेक्टरना मिळतं अशा) सोळा पिनांचं सॉकेट असलं तरी आत बऱ्याचदा कंपनीची स्वतःची भाषा असते. डबा खोचला की दिवा लागतो, कारण पिन 16 वर बॅटरीचा प्लस आणि 4 वर अर्थ असतो. तेवढ्यावर स्कॅनर चालतो असं विकणारा म्हणाला तर मान डोलवू नका. अ‍ॅपमध्ये आरपीएम हलताना दिसला तरच तो चालतो.

डब्यावर 1.5 लिहिलेलं असतं किंवा 2.1. मोठा आकडा बघून 2.1 घेऊ नका. त्या नावाच्या बऱ्याच नकली चिपांत काही कमांड गाळलेल्या असतात आणि जुन्या के-लाइनच्या (एका तारेवरून बोलणाऱ्या) गाड्यांशी त्या अडखळतात. गंमत म्हणजे मूळ कॅनडियन कंपनीने 1.5 नावाची आवृत्ती कधी काढलीच नाही. म्हणजे ती हमखास नक्कल, पण त्यातल्या त्यात कामाची. मोबाइलला जोडताना ब्लूटूथचा पासकोड 1234 किंवा 0000. आयफोनवाल्यांना हा साधा ब्लूटूथ डबा चालत नाही, वाय-फायचा किंवा ब्लूटूथ एलईचा लागतो. अ‍ॅपमध्ये एका वेळी तीन-चारच आकडे ठेवा. दहा ठेवले तर प्रत्येक आकडा इतका उशिरा बदलतो, की घाटात गाडीने दम सोडला तो क्षण हातून निसटतो. आणि चालवणाऱ्याने स्क्रीन बघायची नाही. अ‍ॅपमध्ये लॉग चालू करायचा, घरी येऊन वाचायचा.

आता मुख्य गोष्ट. ओढ नसलेल्या कॉमन रेल गाडीत, ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) नोंदवलेल्या दोषांपैकी सर्वांत जास्त गोंधळ घालणारा कोड म्हणजे पी0087, रेल प्रेशर कमी. हा कोड बघून थेट हाय प्रेशर पंप उतरवायला सांगणारे कमी नाहीत. कोड फक्त एवढंच सांगतो की रेलमध्ये हवा तेवढा दाब नाही. डिझेल पंपापर्यंत कमी पोचतंय, की पुढे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरमधून रिटर्न नळीने परत पळतंय, हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

ते लॉगमधून थोडंफार कळतं, गाडी रेल प्रेशरचा आकडा देत असेल तर. गरम इंजिनवर आयडलला साधारण 250 ते 350 बार दिसायला हवेत. तिसऱ्या गिअरमध्ये 1500 आरपीएमला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. दाब आधी चढला आणि आरपीएम वाढत असतानाच ढासळला, तर उपासमार मागून आहे: फिल्टर, लाइन, टाकीतली जाळी. उलट, चालताना बरी पण गरम असताना स्टार्टर खूप वेळ मारावा लागतो, क्रँकिंगला दाब 200 बारपर्यंतही जात नाही, असं असेल तर संशय इंजेक्टरच्या रिटर्नवर.

मागची बाजू तपासायला स्कॅनर लागत नाही. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पारदर्शक बाटलीत 100 मिलि काढा आणि दहा मिनिटं हलवू नका. पाणी असेल तर तळाशी थर बसतो आणि वरचं डिझेल वेगळं दिसतं. पावसाळ्यात गोव्यात ही पहिली तपासणी हवी, कारण टाकी अर्धी रिकामी ठेवून उभ्या गाडीत आतल्या दमट हवेचंच पाणी होतं. मग फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये पाइपच्या मापाची पारदर्शक नळी वीतभर लावून क्लॅम्प आवळा, हातपंप मारून हवा काढा आणि गाडी चालू करा. पहिल्या मिनिटाचे बुडबुडे सोडून द्या. त्यानंतरही माळेसारखे येत राहिले, तर लाइन हवा धरतेय. फीड पंप हाय प्रेशर पंपाच्या पोटात असेल, तर टाकीपासूनची सगळी लाइन ओढीखाली असते. अशा ठिकाणी भेग असली तरी डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. बाहेरून पाइप कोरडा ठणठणीत, म्हणून कुणी संशयही घेत नाही. बहुतेक वेळा गुन्हेगार फिल्टरवरचे पुन्हा वापरलेले तांब्याचे वॉशर किंवा क्लॅम्पखाली चिरलेला रबरी पाइप.

रिटर्नची तपासणीही घरगुती. गाडी बंद ठेवून चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या काढा, त्या जागी चार पारदर्शक नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडा, रिटर्न लाइनचं उरलेलं तोंड बंद करा आणि तीन मिनिटं आयडलला ठेवा. तीन बाटल्या सारख्या आणि चौथी दुप्पट-तिप्पट भरली, तर तो इंजेक्टर काढून टेस्ट बेंचवर द्या. चारही सारख्याच कमी भरल्या तर पुन्हा मागच्या बाजूकडे वळा. एक मात्र करू नका. जुन्या मेकॅनिकल पंपावर नोझलची नटं एकेक सैल करून मिसिंगचा सिलिंडर शोधायची पद्धत होती. कॉमन रेलवर चालू इंजिनात ते नट सैल केलं, तर शेकडो बारांची धार कातडीत शिरते. सिलिंडर शोधायचाच असेल तर गाडी बंद करून एका इंजेक्टरचं कनेक्टर काढा, चालू करून आवाज ऐका, बंद करा, परत लावा. ज्याने काहीच फरक पडला नाही तो तुमचा सिलिंडर. या खटाटोपात पी0201 ते पी0204 चे कोड तुम्हीच निर्माण करता, ते बघून दचकू नका.

डबा पैसे वसूल करतो तो मॅनिफोल्ड प्रेशरवर, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या दाबावर. चावी ऑन, इंजिन बंद: मडगाव-पणजीत आकडा 100 किलोपास्कलच्या आसपास हवा, चोर्ल्याच्या माथ्यावर काही अंकांनी कमी. इथेच 80 किंवा 120 दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय. टर्बोच्या गाडीत चढावर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरला हा आकडा सहज 180 च्या वर जायला हवा. 110 वरच घुटमळला, काळा धूर आणि सुऽऽ असा आवाज येत असेल, तर टर्बो बदलायला धावू नका. टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते मॅनिफोल्ड अशा दोन्ही होजांना खालच्या बाजूने बोट फिरवा. तेलकट धूळ चिकटलेली रेघ सापडली की भेग सापडली. डिचोली-साखळीकडच्या तांबड्या धुळीत एअर फिल्टरही याच यादीत. त्याचा कागद टॉर्चसमोर धरून बघा.

आणखी दोन तपासण्या या डब्यावर फुकटात होतात. पेडल पूर्ण दाबल्यावर पोझिशनचा आकडा कमाल किती जातो ते बघा. तो मध्येच अडकला तर आधी पेडलखालची रबरी मॅट सरकवा, मग सेन्सर. दुसरं म्हणजे क्लच. एकाच गिअरमध्ये आरपीएम भागिले वेग हा आकडा बदलायला नको. सपाटीवर तिसऱ्यात 50 येत होता आणि भरलेल्या गाडीने चढावर 60 आला, तर इंजिन बिचारं ठीक आहे, क्लच घसरतोय.

मालीम, कुटबणच्या जेटीवर मासळी-बर्फ वाहणाऱ्या गाड्यांत एकाच वेळी चार-पाच सेन्सरचे कोड दिसले तर एकही सेन्सर विकत घेऊ नका. आधी मल्टिमीटर. बॅटरीचा मायनस आणि इंजिन ब्लॉक यांच्यात, स्टार्टर मारताना, अर्ध्या व्होल्टच्या आत दिसायला हवं. जास्त असेल तर अर्थ स्ट्रॅप खाऱ्या हवेने खाल्लाय. काढा, घासा, ग्रीस लावून आवळा.

इंजेक्टर बदलल्यावर त्याचा कोड ईसीयूत भरणं, कॉम्प्रेशन, कंपनीचे खास कोड, यातलं काही या डब्याने होत नाही. त्यासाठी कंपनीचा स्कॅनर असलेलं वर्कशॉपच गाठावं लागतं. तिथे जाण्याआधी अ‍ॅपमधलं कोड पुसण्याचं बटण दाबू नका. कोडबरोबर साठलेला फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड आला त्या क्षणीचा आरपीएम, लोड आणि तापमान, तोही पुसला जातो. स्क्रीनशॉट घ्या आणि तो मेकॅनिकला दाखवा.

पाचपैकी तीन तारे. अर्धा तारा जास्त दिला असता, पण सॉकेटात विसरलेला डबा गाडी बंद असतानाही करंट ओढत राहतो, आणि पावसात आठ-दहा दिवस उभ्या राहिलेल्या पिकअपच्या जुन्या बॅटरीला तेवढं पुरतं.